पिवळा म्हणजे हळू

फॅक्टरी अ‍ॅक्टने मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला आणि नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात माणसांची एक नवीच जात तयार झाली. ही जात लांबून ओळखू येते. लिफ्टमध्ये शिरताना ती आधी ‘जास्तीत जास्त सहा व्यक्ती’ ही पाटी वाचते आणि मग आतली डोकी मोजते. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीआधी बाहेर पडायचं दुसरं दार शोधते. मिसळीच्या हॉटेलात तर्री मागवण्याआधी गॅसचा सिलिंडर कुठे ठेवलाय ते विचारते. चार मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, छातीवर हिरवा बिल्ला लावते, आणि तो बिल्ला पाडव्यापर्यंत काही उतरत नाही.

आमचे सेफ्टीसाहेब या जातीचे कुलदीपक. इंदिरानगरात टू बीएचके, दारात शू-रॅक, शू-रॅकवर अग्निशामक. पंचेचाळिशी ओलांडलेली, चौकड्याचा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. या माणसाला एक खासगी नाद आहे आणि तो नाद किंकचा आहे, हे सांगितलं तर त्यांच्या सोसायटीतले लोक हसून सोडून देतील. किंक म्हणजे दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने, आधी ठरवून खेळायचे खेळ. एकाने हुकूम सोडायचा, दुसऱ्याने तो पाळायचा. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, कुणी हात दोरीने बांधून घ्यायचे, कुणाला चापट हवी असते तर कुणाला ती द्यायची असते. या सगळ्या मोळीला बीडीएसएम म्हणतात. साहेब हे गावभर सांगत फिरत नाहीत, पण ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याच्यापासून लपवतही नाहीत. माहिती दडवली की अपघात होतो, हे त्यांच्या नोकरीतलं पहिलं सूत्र.

किंकवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळं चामडं आणि तांबडा दिवा येतो. साहेबांच्या नादात चाबकापेक्षा कागद जास्त. त्यांचा एक फॉर्म आहे. डावीकडे गोष्टींची यादी, उजवीकडे तीन रकाने: हो, बघू, नाही. दोघांनी आपापला फॉर्म वेगवेगळ्या खोलीत बसून भरायचा, एकमेकांचा पेपर बघायचा नाही, मग शेजारी शेजारी ठेवून वाचायचा. ‘नाही’च्या रकान्यातल्या गोष्टीला हार्ड लिमिट म्हणतात, तिच्यावर चर्चा नाही, ‘का नाही’ असंही विचारायचं नाही. ‘बघू’ म्हणजे सॉफ्ट लिमिट, तिथे सावकाश आणि विचारत विचारत जायचं. खाली आरोग्याचे प्रश्न: दमा, रक्तदाब, साखर, पाठीचं दुखणं, जुनं फ्रॅक्चर. त्याखाली लाल पेनाने, अधोरेखित: दारू घेतली असेल तर कार्यक्रम रद्द. वाइनच्या गावात राहून ही अट पाळणं सोपं नाही, पण साहेब वर्क परमिटवर खाडाखोड चालवून घेत नाहीत. वहिनींनी पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा ‘नाही’खाली ‘रविवारी सकाळी आठच्या आत उठवणे’ असं लिहिलं होतं. तीही हार्ड लिमिट झाली. आजतागायत पाळली जाते.

गावातली आणखी पाच-सहा मंडळी अधूनमधून गंगापूर रोडवर एखाद्या कॉफीच्या दुकानात भेटतात. अशा बैठकीला जगभर मंच म्हणतात. साधे कपडे, चौघांत बसायचं, खेळ नाही, स्पर्श नाही, फोटो नाही, खरं नाव सांगायची सक्ती नाही. नुसत्या गप्पा आणि ओळख. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चेन मार्केटिंगवाले आहेत. एकदा शेजारच्या टेबलावरच्या काकांनी ‘रिस्क’, ‘लिमिट’, ‘आधी नीट वाचून घ्या’ एवढंच ऐकलं आणि जाताना म्युच्युअल फंडाचं कार्ड मागितलं.

नवख्यांना अक्षरओळख साहेबच करून देतात. सूत्रं हाती घेतो तो डॉम, ती सोपवतो तो सब, दोन्हीकडे रमतो तो स्विच. ठरवून केलेला एक खेळ म्हणजे सीन. ज्याला यातलं काहीच नको तो व्हॅनिला, आणि त्यात कमीपणा काही नाही. मग कुणीतरी विचारतंच, म्हणजे सत्ता डॉमकडे. साहेब या प्रश्नाची वाटच बघत असतात. लाइनवरचं इमर्जन्सी स्टॉपचं बटण कोण दाबू शकतं, असा उलट प्रश्न ते टाकतात. कुणीही. कालच लागलेला हेल्पर दाबू शकतो, आणि मॅनेजर शेजारी उभा असला तरी मशीन थांबतं. सबच्या हातात ते बटण असतं. ते काम करत नसेल तर त्याला खेळ म्हणायचं नाही, त्याचं नाव वेगळं आहे आणि ते पोलीस स्टेशनात लिहून घेतात.

हे बटण म्हणजे सेफवर्ड. नाटकात ‘नको, नको’ हा संवादाचा भाग असू शकतो, म्हणून थांबण्याची खूण म्हणून असा शब्द घ्यायचा जो त्या वेळी चुकूनही तोंडात येणार नाही. या निवडीवरून साहेबांनी अनेकांना झाडलंय. एका जोडप्याने ‘महानगरपालिका’ ठरवला होता. धाप लागलेल्या माणसाला आठ अक्षरं म्हणायला लावणारे हे कोण? दुसऱ्याने सासूबाईंचं नाव घेतलं होतं, त्याने खेळ थांबायचा तो थांबायचाच, पण पुन्हा कधी सुरूही झाला नसता. साहेब आणि वहिनींचा शब्द आहे ‘लासलगाव’.

शब्द आठवेलच याची खात्री नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी सिग्नलची पद्धत वापरतात. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे हळू, काहीतरी बिनसतंय, लाल म्हणजे ताबडतोब बंद. जगात हे शिकवायला दोन मिनिटं लागतात. नाशिकमध्ये अर्धा तास जातो, कारण मुंबई नाक्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हाडात पिवळा म्हणजे ‘हाण’ असाच मुरलेला असतो. साहेब पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून मोठ्याने वदवून घेतात: पिवळा म्हणजे हळू. तोंडावर पट्टी असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. तो खाली पडला की लाल. एकाने किल्ल्यांऐवजी स्टीलची ताटली वापरून बघितली. यंत्रणा चोख चालली, फक्त पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, ‘काय पडलं रे?’

साहेबांची पिशवी बघण्यासारखी असते. ड्रेसिंगवाले वापरतात ती वाकड्या टोकाची कात्री, कातडीला न टोचता पट्टी कापणारी. टॉर्च, बॅटरी तपासल्याच्या तारखेसकट. घोंगडी, पाण्याची बाटली, ग्लुकोजची बिस्किटं. आणि दोरी. नायलॉनची नाही: ती घसरते, चटका देते आणि तिची गाठ ओढली की आवळत जाते. सुती किंवा तागाची, भद्रकालीतल्या दुकानातून हाताने चाचपून घेतलेली. दुकानदार विचारतो, पाळण्याला की जनावराला? साहेब सांगतात, घरगुती.

दोरीचा विषय निघाला की हा माणूस बदलतो. गाठीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, दारावर कुरिअर आला तरी. दंडाच्या बाहेरच्या बाजूने एक नस हाडाला लगटून जाते, ती दाबली गेली तर मनगट लुळं पडतं आणि परत उभं राहायला कधीकधी महिने जातात. म्हणून मुंग्या आल्या, बधिर वाटलं, मनगट वर उचलता येईना, की ‘अजून जरा वेळ’ नाही, सरळ कात्री. दोरी महाग नाही. याच नादावरच्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या सिनेमाला आपल्या सेन्सॉर बोर्डाने २०१५ साली प्रमाणपत्र नाकारलं. पेनड्राइव्हवरून तो ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच. साहेबांचा त्या सिनेमावरचा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. त्यातला नायक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन केबल टाय घेतो. केबल टाय! ते पॅनलमधल्या वायरींसाठी असतात, मनगटासाठी नाही. एकदा आवळला की सैल होत नाही, आणि कडा कापतात. सिनेमातलं बाकी काही त्यांच्या लक्षातही राहिलेलं नाही.

चापटीचंही शास्त्र आहे: मांसल भागावर चालते, मूत्रपिंडाची जागा, पाठीचा कणा, माकडहाड, मान यांच्या वाटेला जायचं नाही. आणि गळा. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत कुठली, असं कुणी विचारलं की साहेब पेन खाली ठेवतात. अशी पद्धत नाही. शिकून घेता येत नाही, सरावाने जमत नाही, हलक्या हाताने केलं तरी मेंदूचा रक्तपुरवठा तुटायला काही सेकंद पुरतात. त्यांच्या फॉर्ममध्ये ही ओळच नाही. ‘नाही’चा रकानासुद्धा तिला मिळालेला नाही.

न्यू यॉर्कच्या मंडळींनी १९८३च्या सुमारास ‘सेफ, सेन, कन्सेन्शुअल’ ही त्रिसूत्री आणली: सुरक्षित, शुद्धीवर राहून, संमतीने. साहेबांना ती आवडायची, पण पहिला शब्द खटकायचा. शून्य धोका ही पाटी त्यांनी कारखान्याच्या गेटवर पाहिलीये आणि त्याच गेटमधून बाहेर पडणारी अ‍ॅम्ब्युलन्सही. पुढे १९९९मध्ये कुणीतरी ‘रॅक’ काढला: धोका ओळखून, मोजून, मग संमतीने. हे वाचलं तेव्हा साहेबांना आपलाच माणूस भेटल्यासारखं झालं. हे तर रिस्क असेसमेंट!

त्यांचा खरा आनंद मात्र पांडवलेण्यांवर. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढून ते तिसऱ्या लेण्यात जातात, जिथे गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तिच्या सातवाहन लेकाचे गुण गाणारा. तिथे उभं राहून ते कामसूत्राची गोष्ट काढतात. वात्स्यायनाने प्रहारांवर अख्खं प्रकरण लिहिलंय आणि त्यात काही जबर प्रहार दाक्षिणात्यांच्या नावावर टाकलेत. म्हणजे आपल्याच, साहेब अभिमानाने सांगतात. पण लगेच पुढे त्याने अपघातांची नोंदही केलीये: चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका गेली, कुंतलाच्या सातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती गेली, आणखी एकाने नटीचा डोळा फोडला. हे प्रहार करू नका, असं वात्स्यायन स्पष्ट बजावतो. आपल्याकडची पहिली अपघात नोंदवही, असं साहेबांचं मत. लेण्यातला सातकर्णी, बलश्रीचा लेक, तो नव्हे, पण घराण्याचं नाव तेच, आणि शिलालेखात घराण्याचे पराक्रम तेवढे येतात, अपघात येत नाहीत, ही साहेबांची जुनी तक्रार. कारखान्याच्या वार्षिक अहवालाबद्दलही त्यांची हीच तक्रार असते.

साहेबांची फाटते ती दुसऱ्याच एका जातीपुढे: हौशा. हा स्वतःलाच डॉम ही पदवी देतो. पहिल्याच मेसेजमध्ये हुकूम सोडतो, दुसऱ्यात फोटो मागतो. ‘माझ्यात सेफवर्ड नसतो, विश्वास असतो’ हे त्याचं ब्रीद. फॉर्म दाखवला की म्हणतो, मूड जातो. त्याच्या हातात दोरी कमी आणि मोबाइल जास्त, पण अपघात करतो तो हाच. कुणी नवखी मुलगी असल्या हौशाबद्दल विचारायला आली तर साहेब पाल्हाळ लावत नाहीत. भेटायचं ते उजेडात, चारचौघांत. कुठे चाललोय हे मैत्रिणीला सांगून. परतायचं आपल्या गाडीने. आणि एखाद्या क्षुल्लक गोष्टीला, कॉफीला म्हणा, मुद्दाम ‘नाही’ म्हणायचं आणि त्याचं तोंड बघायचं. कॉफीचं ‘नाही’ ज्याला पचत नाही त्याला पुढचं काय पचणार?

कायदाही साहेबांना तोंडपाठ. भारतीय न्याय संहितेचं कलम २५: अठरा पूर्ण झालेल्याने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर इजेचा हेतू किंवा संभव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कलमाखाली उदाहरण आहे ते करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. गंभीर इजेला मात्र संमतीची ढाल चालत नाही. कलम २८ आणखी सांगतं, भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, नशेत काही कळत नसतानाची तर नाहीच नाही. साहेब हे वाचून दाखवतात तेव्हा मला हटकून त्याच संहितेतला तो अपवाद आठवतो, ज्यात सज्ञान बायकोला नवऱ्याने विचारायची गरज कायद्याला वाटत नाही. म्हणजे गावात ज्याला विकृत म्हणतील तो तीन रकान्यांचा फॉर्म भरून घेतोय, आणि ज्याला सभ्य म्हणतात त्याने तीस वर्षांच्या संसारात ‘तुला आवडतं का?’ हे एकदाही विचारलेलं नाही. विकृतीचा मुद्दा कुणी काढलाच तर अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ची सूची साहेबांकडे तयार असते: आवड वेगळी असणं हा आजार नाही, स्वतःला त्रास किंवा दुसऱ्याला संमतीविना इजा असेल तिथेच आजाराचा प्रश्न येतो. साहेब तिला फिटनेस सर्टिफिकेट म्हणतात.

खेळ संपला की आफ्टरकेअर. घोंगडी, पाणी, बिस्कीट, जवळ बसणं, बोलणं. अंगातली तार उतरते तेव्हा रडू येऊ शकतं, उदास वाटू शकतं, कधी दोन दिवसांनीही, आणि ते डॉमलाही होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चौकशी करायचीच. साहेब एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचा एक डिब्रीफिंगचा कागद आहे. वहिनी तिसऱ्या प्रश्नापर्यंत जाग्या असतात. ‘अहो, छान होतं, लिहा आणि झोपा’ हे उत्तर त्या बाकीच्या सगळ्या रकान्यांसाठी एकदमच देऊन ठेवतात.

मागच्या वैशाखात पंचवटीत एका लग्नाला आम्ही एकाच पंगतीत होतो. आचाऱ्याने दोन सिलिंडर मांडवाच्या कनातीला टेकवून ठेवलेले साहेबांना दिसले. झालं. ते वाढप्याला धरून बसले. रेग्युलेटर, नळी, नळीवरची तारीख, वाऱ्याची दिशा. मठ्ठा गरम व्हायला लागला, पंगत खोळंबली, वधूपिता हात जोडून उभा. वहिनी जिलेबीवरून मान न उचलता शांतपणे म्हणाल्या, ‘लासलगाव.’ साहेब अर्ध्या वाक्यात थांबले आणि पानावर येऊन बसले. समोरच्या ओळीतल्या मामांनी लगेच कान टवकारले, ‘काय निघाला हो आज भाव?’, आणि मग मठ्ठा संपेपर्यंत पंगतीत कांद्याशिवाय दुसरा विषय नव्हता.