कीचकाला रंग चढला नाही

कीचक आमचा. म्हणजे मेला आमच्या दरीत, हे चिखलदऱ्यात कोणीही सांगेल. भीमानं त्याला कड्यावरून लोटलं आणि भीमकुंडात हात धुतले. या जागा पर्यटकांना दाखवण्याचा हक्क आमचाच. राजस्थानातले बैराटवाले कीचकाची विराटनगरी आपली म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्याकडेही वैराट आहे, ते ११७८ मीटरवर, गाविलगडच्या डोंगरांत सगळ्यांत उंच. शिवाय विराट राजाचं वैभव गाईगुरांचं, आणि चारा राजस्थानापेक्षा मेळघाटात केव्हाही जास्त. इतिहासकारांना हा पुरावा पटणार नाही, आम्हाला पुरतो. त्यामुळे कीचकावरच्या सिनेमाला वऱ्हाडी माणूस वरपक्षासारखा जातो: आधी मानपान, मग बाकीचं.

बाबूराव पेंटरांचा १९२० चा ‘सैरंध्री’ मूकपट होता. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक किंचाळले आणि सेन्सॉरनं ते दृश्यच कापायला लावलं. १९३३ मध्ये प्रभात कंपनीसाठी व्ही. शांतारामांनी तीच कथा घेतली, आता बोलकी आणि वर रंगीत. प्रती जर्मनीत तयार करून आणल्या. बोलबाला झाला तो रंगाचा, नेमके रंगच मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट पडला. माझं म्हणणं एवढंच, की अपेक्षाभंग चित्रपट किती वाईट यावर ठरत नाही, कबूल काय केलं होतं यावर ठरतो. कीचकवधात बघायची ती भीमाची पकड. रंगाचा डांगोरा पिटल्यावर प्रेक्षक सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या लुगड्याचा काठ तपासत बसतो, आणि तेवढ्यात कीचक मरूनही जातो.

कोणी म्हणेल, नवा प्रयोग पहिल्यांदा फसणारच. मान्य, आणि शांतारामांची छाती मोठी होती हेही मान्य. पण १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’त त्यांचाच रंग लोकांनी डोक्यावर घेतला, कारण नाचाच्या गोष्टीला रंग हवाच होता. दुसरा आक्षेप शहाण्यांचा: प्रेक्षकानं अपेक्षाच ठेवू नये. वा! जाहिरातवाल्यांनी अपेक्षा विकायची, पैसे आधी घ्यायचे, आणि विरक्ती तेवढी आम्ही बाळगायची.

खरा राग वेगळाच आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड जाऊन कित्येक दशकं लोटली, तरी सिनेमाच्या वितरकांच्या लेखी आम्ही ‘सीपी-बेरार’च. सिनेमा विकायला आमचा मुलूख चालतो. पडद्यावर मात्र आमची बोली बहुतेक वेळा हशा पिकवायला येते. आणि ज्या वैराटवर आम्ही एवढी मिजास करतो, ते गाव व्याघ्र प्रकल्पासाठी उठलं. विराट राजासाठी भांडणारे आम्ही, तिथून खाली उतरलेल्या माणसांचं पुढं काय झालं हे विचारायला किती जण गेलो? त्यांच्यावर कोणी चित्रपट काढणार असेल तर जाहिरात जरा बेतानं करावी. तिकीट आम्ही काढूच, आणि दरी नीट दिसली नाही तर दोन शब्द सुनावूही.