नाक्यावरचा भोंगा

आमच्या शहापूर तालुक्याचा धंदा पिढीजात आहे: पाठवणं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाठवतंय, मोडकसागर पाठवतं, आणि मुंबईच्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. इथल्या पाड्यांवर मात्र उन्हाळा चढला की बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. २०१६ च्या सुमारास नेट फुकटाच्या भावात आलं आणि दुसरी पाइपलाइन पडली. हिच्यातून ध्यान जातं, माणशी रोज दीड जीबी. धरणात जमीन गेली तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला तरी मागता येतो. ध्यान गेलेल्यांनी कुठल्या तलाठ्याकडे जायचं?

परवा शेणव्याच्या नाक्यावर एकाने वडापाव खाता खाता ग्रुपवर विचारलं, "शहापूरची गाडी आली का?" गाडी त्याच्या पाठीमागे उभी होती. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, गाडी गेली. मग ग्रुपवर उत्तर आलं, "आली." त्याने अंगठा दिला.

आवणीतही तेच. पुतण्या गुडघाभर चिखलात, एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हातात मोबाईल. तीच मूठ त्याने चार वेळा लावली आणि चार वेळा उपटली, कारण रीलमध्ये पाठीमागे माहुली किल्ला येत नव्हता. शेवटी वहिनी ओरडल्या, "अरे, ते रोप म्हातारं झालं!" रीलवर आवाज नीट आला. गावात तेवढीच रील गाजली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर तोड काढली आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळीक. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई घरोघर जाऊन बघायच्या, पोरं पुस्तक धरून बसलीत की नाही. ही बातमी मी वाचली मोबाईलवरच, रात्री पावणेबाराला. लगेच आमच्या पाड्याच्या ग्रुपवर टाकलं: "आपणही भोंगा लावू. उद्या सातला देवळाच्या पायरीवर बैठक."

चौतीस अंगठे आले. अकरा नमस्कार. एक "भावपूर्ण श्रद्धांजली", कारण त्या गृहस्थाने मेसेज न वाचता आदल्या दिवशीच्या भावना पुढे चालवल्या.

दुसऱ्या दिवशी सातला पायरीवर मी, गुरव आणि गुरवाचं कुत्रं. गणसंख्येअभावी बैठक तहकूब करणार, तोच लाईट गेली आणि पाठोपाठ टॉवरही बसला. पाच मिनिटांत पाडा बाहेर. "तुमच्याकडं आहे का?" "आमच्याकडं पण नाही!" कोणाची रेंज नाही म्हटल्यावर माणसं पायरीवर टेकली. कोणी तंबाखू मळली, कोणी पोराला पाढे विचारले. सव्वीसच्या पाढ्याला सगळेच अडकले, बापही.

मग तात्यांनी हरवलेल्या बैलाची गोष्ट काढली. तीन दिवस रान पालथं घातलं, डोळखांबपर्यंत चौकशी केली, चौथ्या दिवशी पहाटे घंटा ऐकू आली. "आणि बघतो तर काय..." तात्या म्हणाले, तेवढ्यात लाईट आली. खरं सांगायचं तर आधी मीच उठलो. चार्जिंग चार टक्क्यांवर होतं.

बैल कुठं सापडला, ते मी रात्री ग्रुपवर विचारलं. तात्यांनी अंगठा दिलाय.