तालमीतला प्रॉम्प्टर

प्रॉम्प्टर म्हणजे हौशी नाट्यसंस्थेचा असा सभासद, ज्याला सगळे नाटक पाठ असते आणि भूमिका मात्र मिळालेली नसते. मराठी रंगभूमीचे सुरुवातीला त्याच्यावाचून काही अडत नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. कोकणातल्या दशावतारात तर हीच रीत आहे. वाक्य लिहिलेलेच नसल्यावर विसरायचे काय? पुढे 'बुकिश' नाटके आली, लेखकाचे शब्द जसेच्या तसे म्हणण्याचा आग्रह आला आणि त्यामागून हा गृहस्थही वही घेऊन आला.

नटांच्या हातातली संहिता काढून घेतली, की याचे राज्य सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलेली असते. नायक ऑफिसातून थेट तालमीला येतो आणि म्हणतो, "पाठांतर झालंय रे, फक्त सुरुवातीचा शब्द दे." हा शब्द देतो. नायक त्याच्याकडे बघत राहतो. हा पुढचा देतो. असे करत अख्खे वाक्य दोघे मिळून संपवतात, वर नायकच चिडतो, "येत होतं मला, तू मध्ये बोललास!"

खरे कसब असते ते विराम आणि विस्मरण वेगळे ओळखण्यात. कसलेला नटही थांबतो आणि विसरलेलाही. चेहरे दोघांचे सारखेच गंभीर. शब्द लवकर दिला तर "पॉज घेतला होता," उशिरा दिला तर दिग्दर्शक ओरडणार, "झोपलास का?" मुरलेला प्रॉम्प्टर म्हणून चेहरा बघतच नाही, हात बघतो. विराम घेणाऱ्याचे हात स्वस्थ असतात. विसरलेला शर्टाचे बटण चाचपू लागतो.

त्याच्या झेरॉक्स प्रतीच्या समासात पेन्सिलीने नोंदी असतात : 'इथे अडतो', 'हे पान उडवतो', आणि तिसऱ्या अंकाशी नुसतेच 'देवा, पाव'. गैरहजर नटांची वाक्येही तोच वाचतो. खलनायक, विधवा आत्या आणि पोस्टमन, सगळे एकाच सुरात. कंसातले 'दचकून' सुद्धा सोडत नाही. परिणामी नायिकेला तो शब्द ऐकल्याशिवाय दचकता येईनासे होते.

प्रयोगाला तो विंगेत उभा राहतो आणि पुढच्या रांगांना बरीचशी वाक्ये नटाच्या आधी ऐकू येतात. एखादा नट आयत्या वेळी आजारी पडला, की "याला सगळं पाठ आहे" म्हणून यालाच दाढीमिशा लावून उभे करतात. सगळे पाठ असते, अडचण तीच. स्वतःचे वाक्य संपले तरी ओठ थांबत नाहीत, आणि समोरचा श्वास घ्यायला थांबला, की हा भर रंगमंचावर दबक्या आवाजात त्याचेही वाक्य देऊन मोकळा होतो.