अंधुकराव

मे महिन्यातल्या अमावस्येच्या रात्री इगतपुरीजवळच्या एखाद्या माळावर बारा इंची दुर्बीण लावून बसलेला गृहस्थ दिसला, तर त्याच्याकडे शनी मागू नये. सवाई गंधर्वच्या मंडपात कुणी ‘झिंगाट’ची फर्माईश करावी, तसा चेहरा होतो त्याचा. "शनी काय, कुणीही दाखवतं."

अंधुकरावांचा जीव गोलाकार तारकागुच्छांत अडकलेला. त्यातही शौरीतला एम १३ शाळेची पोरं बघतात, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतो; म्हणजे दोन्ही बाद. त्यांना हवेत पालोमार यादीतले पंधरा. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेने आकाशाचे फोटो घेतले, त्या काचा तपासताना ही यादी झाली. पंधरांपैकी एक तर विल्यम हर्शेलने अठराव्या शतकातच पाहून ठेवलेला निघाला. त्याचं नाव अंधुकराव काढत नाहीत.

देवावर त्यांचा एकच राग आहे. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला, म्हणून गुच्छांची गर्दीही तिकडेच. आणि धनू रास रात्री डोक्यावर येते ती नेमकी पावसाळ्यात. तेव्हा इगतपुरीत हाताला हात दिसत नाही, गुच्छ कुठला! दुसरा राग माणसांवर. ५ जून २०२५ला ‘समृद्धी’चा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला, मुंबईकर खूश झाले, आणि अंधुकराव दिव्यांपासून पळत आणखी आतल्या गावाच्या माळावर गेले.

परवा तिथे पालोमार ५ लावला होता. भुजंगात, एम ५च्या थोडा दक्षिणेला, पाऊण लाख प्रकाशवर्षांच्या आसपास.

"थेट बघू नका. जरा बाजूला बघा, डोळ्याच्या कडेला अंधुक जास्त कळतं."

"काहीच दिसत नाही हो काका."

"अगदी बरोबर! तो असाच दिसतो."

काकू गाडीत झोपल्या होत्या. त्यांनी अजून एकही पालोमार पाहिलेला नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही.

मध्यरात्री पोलीसपाटील दोन पोरं घेऊन आले. अमावस्या, लाल जिलेटीन लावलेली बॅटरी, आभाळाकडे तोंड करून पुटपुटणारा माणूस: गावात गुप्तधनाची कुजबुज सुरू झाली होती. अंधुकरावांनी खुलासा न करता त्यांना थेट शिडीवर चढवलं. पाटलांनी डोळा लावला.

"हां, हाये की. धुरकट डाग. डाव्या अंगाला."

अंधुकरावांनी धावत जाऊन स्वतः बघितलं. मग बाजूला बघितलं. डोक्यावर काळं फडकं घेऊन बघितलं. घाटातून एक अख्खी मालगाडी वर चढून गेली तरी ते हलले नाहीत.

शेवटी वही उघडली, तारीख आणि वेळ घातली, आणि लिहिलं: ‘पालोमार ५. दिसला. निरीक्षक: पोलीसपाटील.’

"पाटील," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या अमावस्येला मोकळे आहात का?"