माननीय चौकशी समितीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय चौकशी समिती,
मुक्काम : पुढील दुर्घटनेचे ठिकाण.

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ : 'कोणाचीही गय केली जाणार नाही' हे आश्वासन, वेळोवेळी.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, महाराष्ट्रात पूल पडला की आधी पोलीस येतात, मग अग्निशमन दल येते आणि लगोलग आपली घोषणा होते. पहिले दोघे काम उरकून परत जातात. आपले काम मात्र कधी संपले ते कोणालाच कळत नाही. आपण नेमल्या गेलात की मंत्रिमहोदयांचा जीव भांड्यात पडतो. 'अहवाल येऊ द्या, मग बोलू' हे वाक्य आपल्याच कृपेने उच्चारता येते, आणि अहवाल येईपर्यंत प्रश्न विचारणारा वार्ताहर दुसऱ्या दुर्घटनेवर रवाना झालेला असतो.

आपले थोरले बंधू, चौकशी आयोग, यांच्यापेक्षा शासनाला आपलाच लळा अधिक, हे आम्ही जाणून आहोत. बंधूंच्या मानेवर १९५२ चा कायदा बसलेला. त्यांना साक्षीदार बोलवता येतात, शपथेवर जबाब घेता येतात. त्यांचा अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत, केलेल्या कारवाईच्या टिपणासह, सरकारला विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आपल्यामागे असली कटकट नाही. आपण दोन पानी शासन निर्णयातून जन्मता. पुष्कळदा खात्याचेच अधिकारी आपले सदस्य असतात, म्हणजे ज्यांनी पूल तपासला त्यांच्या शेजारच्याच दालनात आपली बैठक भरते. अहवाल बंद लिफाफ्यात जातो. माहितीच्या अधिकारात कोणी तो मागितलाच, तर 'चौकशी सुरू असल्याने माहिती देता येत नाही' हे उत्तर तयार असते.

आपल्या कुळाने आजवर पकडलेले आरोपीही थोर आहेत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवले ते अचानक आलेल्या पावसाकडे. सप्टेंबरात मुंबईत पाऊस पडतो, हे बिचाऱ्या रेल्वेला कोण सांगणार? मालवणात तर आपली वाटही पाहावी लागली नाही. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ताशी ४५ किलोमीटरचा वारा लगेच दोषी ठरला. समोरच्या पाण्यात महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशेहून अधिक वर्षे तोच वारा खात उभा आहे, पण त्याची साक्ष नोंदवल्याचे ऐकिवात नाही. पुढे मूर्तिकार आणि सल्लागार अटकेत गेले. काम ताब्यात घेताना ज्यांनी मान डोलावली, त्यांची नावे काही लोकांच्या तोंडी आली नाहीत.

मात्र आपल्या आगमनाआधी एक कागद नेहमी हजर असतो, त्याचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे ठरेल. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची पाहणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल माणसांच्या अंगावर पडला. त्याच्या संरचनात्मक तपासणीत किरकोळ दुरुस्ती तेवढी सुचवलेली होती. तिथे तपासणी करणारा आणि काही अभियंते गजाआड गेले, हे मान्य करायला हवे. एरवी आपल्याकडे निलंबनावर भागते. सेवानियमांनुसार निलंबन ही शिक्षाच नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, आणि जनक्षोभ ओसरला की खुर्चीही मिळते.

आम्हांला काम जमत नाही असे नाही. सावित्रीवरचा नवा पूल ५ जून २०१७ रोजी, वर्षाच्या आत, खुला झाला. ज्या राज्याला दहा महिन्यांत पूल बांधता येतो, त्याला 'धोका नाही' असे लिहिणारा हात शोधायला वर्षे लागतात, हे आपलेच कसब.

आता थोडी तक्रार. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, लोकांनी तो जुमानला नाही, असे सांगितले गेले. फलक असेलही. पण महोदया, लोक असे का झाले? 'सुरक्षित' लिहिलेले पूल ज्यांनी पडताना पाहिले, ते 'धोकादायक' या शब्दाला तरी का भ्यावेत? सही तीच, शिक्का तोच. सरकारचा एक कागद खोटा निघाला आणि त्याबद्दल कोणालाच काही भोगावे लागले नाही, की दुसरा खरा कागदही रद्दीत जातो. मग पुराचा इशारा असो, लसीची मोहीम असो की मतमोजणीचा आकडा, माणूस कार्यालयावर विश्वास न ठेवता मोबाइलवर फिरणाऱ्या निनावी संदेशावर ठेवतो. पूल पुन्हा बांधायची निविदा काढता येते. विश्वासाची निविदा भरायला एकही ठेकेदार पुढे येणार नाही.

म्हणून आपल्या सवडीने पुढील तीन गोष्टींचा विचार व्हावा, ही विनंती.

१) आपला अहवालही बंधूंच्या अहवालाप्रमाणे ठरल्या मुदतीत विधिमंडळापुढे यावा आणि त्याच दिवशी सर्वांना वाचायला मिळावा.

२) ज्या खात्याची चौकशी, त्या खात्याचा माणूस समितीत नसावा.

३) उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्री, खासदार, आमदार, सभापती अशी सगळ्यांची नावे मावतात. तिथेच पुलाची शेवटची तपासणी कोणी केली, कधी केली आणि पुढची कधी होणार, एवढे कोरावे. दगडावर जागा कमी पडली तर वरची दोन नावे गाळावीत.

आणि हे सारे जमण्यासारखे नसेल, तर निदान इतके करा : 'पूल वाहतुकीस सुरक्षित आहे' या वाक्याखालची सही यापुढे वाचता येईल अशी असू द्या.

आपला,
रोज पुलावरून जाणारा एक करदाता