जलतरण तलावाच्या माननीय व्यवस्थापकांस



महोदय, गुडघे झिजले, चालणे बंद पडले, वजन वाढले, तेव्हा बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरायचे मी ठरवले. या निश्चयाची आपल्या तलावाने जी सत्त्वपरीक्षा घेतली, तिच्याबद्दल जाहीर आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

पाससाठी डॉक्टरांचा दाखला मागितलात, ते योग्यच. पण त्यावरचे ‘सांधे झिजले आहेत’ हे शब्द वाचून खिडकीतले आपले कर्मचारी म्हणाले, “मग मावशी, घरीच बसा ना!” हाडांचे डॉक्टर पोहायला सांगण्याचे पैसे घेतात, आपण न पोहण्याचा सल्ला फुकट देता. केवढे हे औदार्य!

महिलांची बॅच भर दुपारी ठेवल्याबद्दलही ऋणी आहे. मी निवृत्त, मला जमते. नोकरदार बायकांना गुडघे नसतात, हा शोध आपलाच असावा.

उथळ बाजू आपण नेमकी त्याच वेळेत मुलांच्या शिबिराला दिलीत. मुलांनी पोहावेच, पण साहेब, छातीपर्यंतच्या पाण्यात माणूस उभा राहिला की पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा येतो. जमिनीवर कळवळणारी बाई तिथे सरळ चालू शकते. मोठ्या खंडानंतर हातपाय पोहणे विसरत नाहीत, दम मात्र टिकत नाही. अर्ध्यावर थांबून तळाला पाय टेकावे लागतात. आपण आम्हाला खोल बाजू बहाल केलीत. आमच्या फुप्फुसांवर आपला एवढा विश्वास पाहून भरून आले.

आणि ती शिडी! तिची खालची पायरी निखळलेलीच ठेवल्याबद्दल कोणत्या शब्दांत आभार मानू? उतरताना काही वाटत नाही. बाहेर येताना मात्र पाण्याने उचलून धरलेले सगळे वजन परत अंगावर येते, आणि ते पेलायला गुडघा पोटापर्यंत वर घ्यावा लागतो. माझ्या पुढची एक बाई दोन्ही दांड्या धरून लटकून राहिली होती. तिला आम्ही मागून ढकलून वर काढले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आपला एक पास वाचला, अभिनंदन.

शॉवर बंद ठेवून आपण पाणी वाचवता, हेही स्तुत्य. त्यामुळे घाम, तेल, पावडर अंगावर घेऊन सगळे थेट तलावात उतरतात. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. तक्रार केली तर उत्तर मिळते, “वास येतोय ना? म्हणजे क्लोरीन भरपूर आहे.” महाशय, तो उग्र वास मुख्यतः क्लोरामाइनचा; घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होते. नीट राखलेल्या तलावाला असा वास येत नाही. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. त्याची रोजची नोंद लिहायच्या फळ्यावर आपण एका लोकप्रतिनिधींच्या वाढदिवसाचा फलक टांगलात. पाण्यापेक्षा शुभेच्छा अधिक शुद्ध असतात, हे मान्य.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचे नाव आपण ऐकलेच असेल. सैन्यातले हे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांच्या वाटेत आपला तलाव आला नाही, हे देशाचे भाग्यच.

आम्हाला पदक नको. गुडघ्याची, पाठीची, बाळंतपणानंतरची, शस्त्रक्रियेनंतरची दुखणी घेऊन माणसे इथे येतात, कारण दुसरा कुठलाच व्यायाम त्यांना झेपत नाही. परत सुरुवात करायला आधीच फार बळ लागते. खासगी क्लबची फी त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी तर हा सार्वजनिक तलाव बांधला! तेच पहिल्या आठवड्यात घरी परततात, याचा मला मनस्वी संताप येतो.

तेव्हा कृपावंत होऊन ती पायरी बसवावी, शॉवर सुरू करावेत, उथळ बाजूची एक पट्टी आमच्यासाठी दोर बांधून राखावी आणि सकाळी किंवा संध्याकाळी महिलांची एक बॅच द्यावी. पायरी बसेपर्यंत मी रोज आपल्या खिडकीशी येऊन विचारणार आहे.



आपली,
एक पासधारक