कुलूपबंद शौर्य

भिंतीवर टांगता येत नसेल आणि पाहुण्यांना दाखवता येत नसेल, तर बंदूक बाळगायचीच कशाला, हा माझा साधा प्रश्न सरकारला अजून कळलेला नाही. 2016 च्या शस्त्र नियमांना माझ्या घराण्याच्या अब्रूची काडीची पर्वा नाही. परवाना हवा असेल तर हत्यार सुटं करून पोलादी कपाटात कुलपात ठेवीन, असं लिहून द्या म्हणाले. दिलं. तेव्हापासून आजोबांची बारा बोअरची दुनळी अशी नांदते: नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं आईच्या जुन्या लोखंडी पेटीत. आमचं शौर्य अखंड बघायचं तर तीन कुलपं उघडावी लागतात, आणि तेवढ्यात पाहुण्याचा चहा संपतो.

आजोबांनी वाघ मारला होता. म्हणजे असं मी सांगतो. कागदोपत्री पुरावा आहे तो फक्त माकडं हाकलल्याचा, कारण परवान्यावर कारणच ‘शेती संरक्षण’ असं आहे. त्यातही 1972 च्या वन्यजीव कायद्याने पंचाईत करून ठेवली आहे. रानडुक्कर भाताच्या मळ्यात लोळत असलं, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारायचं नाही. राहता राहिलं आकाश. आकाशात बार काढायचा. माकडं पहिल्या बाराला पळतात, दुसऱ्याला थबकतात आणि तिसऱ्याला माडावर बसून शहाळं सोलत आपल्याकडे बघतात. त्या नजरेत जी कीव असते, ती मी ऑफिसातसुद्धा पाहिलेली नाही.

मिरवायची संधी एकच. निवडणूक जाहीर होते, हत्यार जमा करण्याची नोटीस येते आणि मी भर बाजारातून पोलीस ठाण्याकडे निघतो. पण तेव्हाही बंदूक सुटी करून, पिशवीत घालून. गेल्या खेपेला वाण्याने दुकानातूनच हाक मारली, “काय, पडद्याचे रॉड काय?” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

साफसफाईच्या दिवशी मात्र मी राजा असतो. बायको मुलांना घेऊन परसात जाते. हा धाक आहे असं मी समजतो, तिच्या मते ही अक्कल आहे. बंदूक जोडली की तोंड रिकाम्या भिंतीकडे, बोट चापापासून लांब. मग कळ बाजूला सारून ती उघडायची. ‘कट्’ असा आवाज होतो आणि नळ्या खाली वाकतात. खिडकीकडे धरून आत पाहिलं की उजेडाची दोन वाटोळी वर्तुळं दिसतात. आत कुठे तांबूस ठिपका दिसला तर समजावं, पावसाळा आत शिरलाय. आजोबांची कातडी पिशवी दिसते राजेशाही, पण चामडं ओल धरून ठेवतं आणि लोखंडाला गंज चढतो. म्हणून पिशवी आता माळ्यावर असते आणि नळ्यांवर तेलाचा हात. कोकणात जुनी कागदी काडतुसं पावसात अशी फुगतात की नळीत शिरतच नाहीत. आमच्या घराण्याचा दारूगोळा दर जुलैत आपणहून शस्त्रसंधी करतो.

आता किल्ल्या. हा विषय मी आवरता घेणार नाही, कारण कपाट पोलादी असून भागत नाही, किल्ली कुठे आहे त्यावर सगळं असतं. आणि मराठी घरात किल्ली लपवायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या मागे. कालनिर्णय लटकतं त्याच खिळ्यावर, कालनिर्णयाच्या आड. सौभाग्यवतींच्या साड्यांच्या घडीत तळाला. घड्याळाच्या डोक्यावर. फार सावध माणूस असेल तर तांदळाच्या डब्यात. या जागा घरच्यांना ठाऊक असतात, शेजाऱ्यांना ठाऊक असतात, धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तर सगळ्यांत आधी. तरीही किल्ली ठेवताना आपण इकडेतिकडे बघतो. मी तर नवा मार्ग काढला होता: साबुदाण्याचा डबा. उपास वगळता त्याला कोण हात लावतो? संकष्टीला पाहुण्यांच्या देखत पुतण्याच्या पाच वर्षांच्या मुलाने खणखणीत आवाजात विचारलं, “आजोबा, बंदुकीची किल्ली खिचडीत जाणार नाही ना?”

सगळे हसले. मीही हसलो, पण घास गिळवेना. त्याचा हात अजून फडताळाच्या वरच्या फळीला पोचत नाही, आणि त्याला किल्लीची जागा माहीत होती.

चोराची भीती मला कधीच वाटली नाही. चोर आला तर एखाद्या रात्री येईल. घरची माणसं रोज घरात असतात. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेवटच्या वर्षांत त्यांना आमची नावं आठवेनाशी झाली होती. कपाटाची जागा मात्र अचूक आठवे. मध्यरात्री उठून बसत आणि जुन्या भरदार आवाजात सांगत, “वाडीत डुकरं शिरलीत. बंदूक आण.” वाडीत काही नसे. समोर मी उभा असे, आणि ते माझ्याकडे असं बघत, की हा परका माणूस आत आला कसा. परवाना तेव्हा त्यांच्याच नावावर होता. त्या आठवड्यात बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवून आम्ही पावती घेतली. अण्णा विचारत, तेव्हा आई सांगे, “दुरुस्तीला गेलीय.” ते मान हलवत आणि झोपत.

आता किल्ली माझ्या करदोट्याला असते. रुबाब शून्य, आंघोळीला त्रास भरपूर.

तुमच्या घरी बंदूक असेल तर माझ्यासारखी पूर्वजांची थोरवी जरूर सांगा, वाघही मारा हवे तेवढे, पण तोंडाने. आणि घरात कोणाचं मन थाऱ्यावर नसेल, म्हातारपणाने असो, दारूने असो की परीक्षेच्या निकालाने, तर कुलपावर विसंबू नका. बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावती मात्र सांभाळा. ती खुशाल साबुदाण्यात ठेवा.